मीठ, कोळसा आणि लाल दिवा

गाडी दारात येऊन उभी राहिली, त्या पहिल्या रात्री ती चार्ज झालीच नाही. चार्जरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकत राहिला. वायर काढून पुन्हा लावली, स्वयंपाकघरातल्या प्लगवर लावून पाहिली; दिवा लालच. सकाळी वायरमन आला. मल्टीमीटर घेऊन घरभर फिरला, मीटरच्या पेटीपासून निघालेली हिरवी वायर धरून मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथं उकिडवा बसून म्हणाला, "गाडीले काही नाही झालं जी. तुमच्या घराले अर्थिंगच नाही."

वीस वर्षांचं घर. पंखे फिरत होते, फ्रीज चालू होता, बोअरची मोटर पाणी चढवत होती. प्लगच्या तिसऱ्या भोकात काही आहे की नाही, हे विचारायची वेळ वीस वर्षांत कुणावर आली नव्हती. मागच्या अंगणात मातीत गेलेली पट्टी गंजून केव्हाच तुटली होती. गाडीच्या चार्जरला मात्र ते पहिल्या सेकंदाला कळलं, आणि सुरक्षित जमीन मिळाल्याशिवाय वीज घ्यायची नाही असं त्यानं ठरवलं.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडची काळी माती तेव्हा इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. दोन माणसांनी पहाटे सहाला खणायला सुरुवात केली, उन्हं चढेपर्यंत आठ फुटांचा खड्डा झाला. मधोमध भोकं पाडलेला लोखंडी पाइप उभा केला. त्याच्याभोवती एक थर लाकडी कोळशाचा, एक थर जाड्या मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर नरसाळं बसवून वायरमननं चार बादल्या पाणी ओतवलं. माती ते गटागटा प्यायली. "उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पाणी टाकत जा," तो म्हणाला. "काळी जमीन सुकली का अर्थिंग गेली." त्या रात्री दिवा हिरवा झाला.

तेव्हापासून गाडीबद्दल मला शंभर जणांनी तरी विचारलं असेल. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "एका चार्जिंगमध्ये किती चालते?" अर्थिंगबद्दल एकानंही विचारलं नाही. आणि मला तर आता वाटतं, आमच्यासारख्या गावात इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, निभते की नाही, याचं नव्वद टक्के उत्तर गाडीत नाहीच. ते घराच्या भिंतीत, मीटरच्या पेटीत आणि अंगणात आहे.

०००

सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर. १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. विदर्भातल्या दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावशी टपालात गोंधळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झालं. आश्रमातल्या बापूकुटीच्या मातीच्या भिंती, पलीकडे नई तालीमचा परिसर, रस्त्याच्या बाजूला डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय. आश्रम पाहायला येणाऱ्यांपेक्षा दवाखान्यात येणारी माणसं कितीतरी जास्त. सेवाग्राम–वर्धा रस्त्यावर दिवसभर काळ्यापिवळ्या ऑटो, ई-रिक्षा, दुचाक्या आणि पेशंट घेऊन आलेल्या गाड्या यांची रांग असते.

गाडीची सोय आणि अडचण ही गोष्ट या रस्त्याला नवी नाही. जमनालाल बजाज यांच्या फोर्ड मोटारीची आठवण वर्ध्यात अजून सांगतात. इंजिनाचं ओझं उतरवून तिला बैल जुंपले होते आणि त्या वाहनाला 'ऑक्सफर्ड' म्हणायचे. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड. पावसाळ्यात वर्धा ते शेगाव हा रस्ता म्हणजे नुसता चिखल. त्या चिखलातून निघायला इंजिनापेक्षा बैल भरवशाचे होते. बैलांचा चारा शेतातला, ते दमले तर बदलायला दुसरी जोडी गोठ्यात. पेट्रोल मात्र बाहेरून यायचं. कुठलं वाहन कुठं निभतं हे त्याच्या खाण्यापिण्याची सोय दारात आहे की नाही यावर ठरतं, हे त्या माणसांना नीट कळलेलं होतं.

फोर्डचा आणखी एक धागा या गावाशी जुळलेला आहे. २५ जुलै १९४१ रोजी गांधीजींनी सेवाग्रामहून हेन्री फोर्ड यांना पत्र लिहिलं आणि नंतर एक चरखा अमेरिकेत त्यांच्या हाती पोहोचला. फोर्ड यांच्या डिअरबॉर्न गावच्या संग्रहालयात एक काळी, उंच, काचेच्या पेटीसारखी मोटार आहे. ती त्यांच्या पत्नी क्लारा यांची, १९१४ सालची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक'. ज्या माणसानं जगभर पेट्रोलची मोटार पोहोचवली, त्याची बायको गावात फिरायला विजेची गाडी वापरत होती. हँडल मारायचं नाही, धूर नाही, आवाज नाही. कंपनी ८० मैलांच्या पल्ल्याची जाहिरात करायची. फोर्ड दांपत्याच्या नदीकाठच्या घराला पाण्यावर चालणारं स्वतःचं वीजघर होतं आणि मोटारखानाही तिथंच. एकशे दहा वर्षांपूर्वीसुद्धा गाडी निभली ती वीज घरची होती म्हणून.

०००

वीज घरची नसली की काय होतं ते पाहायला आम्हाला डिअरबॉर्नला जावं लागत नाही. नागपूर इथून पाऊणशे किलोमीटरवर.

२६ मे २०१७ रोजी नागपुरात देशातला पहिला मोठा इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रयोग सुरू झाला. ओलानं महिंद्राच्या छोट्या ई-टू-ओ प्लस गाड्या, ई-रिक्षा असा सुमारे २०० वाहनांचा ताफा रस्त्यावर आणला. मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री उद्घाटनाला होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंगची सोय झाली. पेट्रोल पंपावरची ती देशातली पहिली. नागपूरकरांना त्याचा अभिमान होता आणि तो रास्तच होता.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बातम्या यायला लागल्या त्या चालकांच्या. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांग. गाडीचा पल्ला कागदावर शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, त्यात विदर्भाचं ऊन आणि गिऱ्हाइकासाठी चालू ठेवलेला एसी. दिवसातून दोनदा तरी चार्ज करावीच लागे. एका चार्जिंग स्टेशनाभोवती गाड्यांची गर्दी झाली तर शेजारचे रहिवासी वैतागले. अनेक चालक गाडी परत देऊन डिझेलकडे जायला निघाले. मला त्या माणसांचं पटतं. त्यांना नव्या यंत्राची भीती नव्हती. ज्याचं पोट रस्त्यावरच्या फेऱ्यांवर आहे, त्यानं दिवसाचे तीन तास रांगेत काढायचे तर खायचं काय? त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खोलीपाशी गाडी उभी करायला जागा नव्हती, मग रात्रभर वायर लावून ठेवायची कुठून?

मोठ्या शहराला अशा गाड्या शोभतात आणि आडगावाला नाही, असा एक समज आहे. सेवाग्रामात तीन वर्षं गाडी चालवून माझं मत त्याच्या बरोबर उलटं झालंय. पुण्या-मुंबईतल्या सातव्या मजल्यावरच्या माणसाला खालच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरची वायर न्यायला सोसायटीच्या दोन सभा लागतात. आमच्याकडे लहान घराला का होईना, अंगण असतं. आणि आमचं फिरणं ठरलेलं असतं. वर्ध्याचा बाजार, पवनार, सेलूला शेत, मुलगी नागपुरात शिकते म्हणून महिन्यातून दोन खेपा, वडिलांना तपासणीला दवाखान्यात. माझी गाडी लहान आहे, बॅटरी चोवीस-पंचवीस युनिटांची. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ती खात्रीनं १७० किलोमीटर जाते. नागपूर जाऊन-येऊन दीडशे. तेवढ्यात भागतं, पण नागपुरात इकडे-तिकडे फिरणं निघालं तर मुलीच्या हॉस्टेलजवळ अर्धा तास चार्जिंगला लावून चहा घेतो.

०००

आता पैशाचं. हे मी वहीत लिहून ठेवतो, कारण या गाड्यांविषयी दोन्ही बाजूंनी फार मोघम बोललं जातं.

महिन्याला साधारण १,००० किलोमीटर होतात. चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज धरून एका युनिटला साडेसहा किलोमीटर पडतात, म्हणजे दीडशेच्या वर युनिट. आमच्या घराचा आधीचा वापर १८० युनिट. इथं महावितरणच्या दराची पायरी आडवी येते. पहिल्या १०० युनिटांचा दर हलका, १०१ ते ३०० चा जवळजवळ दुप्पट, त्यावरचा आणखी चढा. गाडी आली की घर तिसऱ्या पायरीवर जातं. सगळं धरून माझ्या गाडीची वीज युनिटाला सरासरी १२ रुपयांनी पडली; महिन्याला साडेअठराशे. तेवढंच फिरणं पेट्रोलवर साडेसहा हजारांना गेलं असतं. वाचले साडेचार हजारांच्या वर.

पण गाडी घेताना याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजले होते. ते फिटायला पाच वर्षांच्या वर लागतात. ज्याचं फिरणं महिन्याला ३०० किलोमीटर आहे, त्याचे तीन लाख सतरा-अठरा वर्षांत फिटतील, म्हणजे फिटणारच नाहीत. अशा माणसानं माझ्याकडे विचारपूस केली तर मी स्पष्ट सांगतो: घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. त्यामुळे किमतीतलं अंतर आणखी वाढलं. गाडीची किंमत काही वर्षांनी किती राहील हीही चिंता आहेच. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असते, पण वर्ध्याच्या बाजारात जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला येणारा पहिला प्रश्न बॅटरीचाच करतो आणि दुसरा प्रश्न न करता निघून जातो.

माझा हिशोब खरा बदलला तो छतामुळे. दुसऱ्या वर्षी तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट येतात, आषाढ-श्रावणात निम्मीही नाहीत. पण वर्षाचा मेळ बसतो. आमच्या विदर्भाला उन्हाची कमतरता कधीच नव्हती. ते ऊन पहिल्यांदा घरच्या कामाला लागलं.

आणि हे पर्यावरणाच्या बाजूनंही महत्त्वाचं आहे. पॅनेल नव्हते तेव्हा माझी गाडी कशावर चालत होती? मुख्यतः कोळशावर. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर. माझ्या गाडीच्या मागं धूर नव्हता, पण केंद्राजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या माणसांच्या अंगणात राख पडत होतीच. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली पाऊण शक्ती नुसती उष्णता होऊन जाते, विजेच्या मोटरीत फार थोडी जाते, म्हणून कोळशाची वीज धरूनही थोडा फायदा उरतो. पण "माझी गाडी प्रदूषण करत नाही" असं मी पॅनेल लागेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

०००

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५-४६ ला जातो. दुपारी तीनला गाडीचं दार उघडलं की आतून भट्टीची झळ येते. एसी सुरुवातीला एवढी वीज ओढतो की १७० चा पल्ला १४० वर येतो. बॅटरीला थंड ठेवणारी यंत्रणा तापल्यावर आपोआप चालू होते. चार्जिंगला लावलेली गाडी मेमध्ये पंख्याचा घुंऽऽ असा आवाज करत राहते. मी ऊन उतरल्यावर, रात्री दहाच्या पुढे वायर लावतो. नागपूरहून उन्हात तापून आलेली गाडी लगेच वेगवान चार्जरला लावत नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली ती उभी असते, आणि हा कडुनिंब माझ्या लेखी गाडीचा सगळ्यात उपयोगी सुटा भाग आहे.

एकदा चार दिवसांसाठी बाहेरगावी जाताना गाडी सेवाग्राम स्टेशनच्या उघड्या आवारात ठेवली. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'वर्धा ईस्ट' असलेलं हे स्टेशन. परत आलो तर दारच उघडेना. मोठी बॅटरी साठ टक्के भरलेली, पण दारं, दिवे आणि संगणक जिच्यावर चालतात ती बारा व्होल्टची साधी बॅटरी उन्हानं बसली होती. कंपनीच्या हेल्पलाइननं सांगितलं, नागपूरहून माणूस संध्याकाळपर्यंत येईल. आईला घेऊन त्या उन्हात बसणं शक्य नव्हतं. एका टॅक्सीवाल्या भाऊनं आपल्या डिझेल गाडीची बॅटरी केबलनं जोडून दिली, दोन मिनिटांत गाडी जागी झाली. पैसे घ्यायला तयार नव्हता. "आमची गाडी तुमच्या गाडीले कामी आली, बस झालं."

जवळचं सर्व्हिस सेंटर नागपूरला, हे गावाकडच्या माणसानं गाडी घेण्यापूर्वी धरूनच चालावं. ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे दुरुस्ती क्वचित निघते. पण निघाली तर वर्ध्यातला ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडून पाहतो आणि हात पुसतो.

लांबचा प्रवास हीसुद्धा दुखरी जागा आहे. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन सगळे ७०१ किलोमीटर जोडले गेले. राज्याच्या २०२५ च्या धोरणानं या रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्यांचा टोल माफ केला. पूर्ण अंतराला चारचाकीचे १,४४५ रुपये वाचतात, ही लहान गोष्ट नाही. पण त्या सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर सगळे ११०-१२० नं जातात, आणि वेग वाढला की वारा फार जोरानं मागे रेटतो. ऐंशीनं १६० चालणारी गाडी तिथं १२० ला टेकते. एका लग्नासाठी छत्रपती संभाजीनगरला निघालो, चारशेच्या आसपास किलोमीटर. एका ठिकाणी चार्जर बंद, पुढच्या ठिकाणी चार्जरची एकच बंदूक आणि तिला आधीच एक गाडी लागलेली. सहा-साडेसहा तासांच्या प्रवासाला अकरा तास लागले, अक्षता पडल्यावर पोचलो. त्यानंतर अशा प्रवासाला आम्ही रेल्वेनं जातो. स्टेशन दारात आहे, मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई असे दोन्ही मार्ग इथं भेटतात. ज्याला दर महिन्याला पुण्याला गाडीनंच जायचंय त्यानं मोठ्या बॅटरीची गाडी घ्यावी किंवा अजून थांबावं.

०००

मला सरकारकडून आणि संस्थांकडून हवं आहे ते मात्र महामार्गावरचं नाही. राज्याचं धोरण दर २५ किलोमीटरवर चार्जिंगचं सांगतं, ते व्हावंच. पण दवाखाना, कॉलेज, कलेक्टर कचेरी, विद्यापीठ, रेल्वे स्टेशन इथल्या पार्किंगला पंधरा अँपियरचे साधे सॉकेट का असू नयेत? वीस लाखांच्या यंत्राची तिथं गरज नाही. नोकरदाराची गाडी सकाळी दहा ते पाच उभीच असते. जुलै २०२५ पासून वेळ मोजणारं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेवर युनिटामागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. वीज स्वस्त तेव्हा गाडी साहेबांच्या कचेरीत, आणि गाडी घरी तेव्हा सूर्य मावळलेला. कडेला एक सॉकेट, एक पोटमीटर आणि चांगलं अर्थिंग, एवढ्यानं हा तिढा सुटतो.

सॉकेटही चांगलाच हवा. बाजारातला शंभर रुपयांचा सॉकेट गिझरच्या दहा मिनिटांना टिकतो, गाडीचे सलग आठ तास त्याला सोसत नाहीत. माझा पहिला सॉकेट दुसऱ्या महिन्यात पिवळा पडून वितळला, जळक्या प्लॅस्टिकचा वास अंथरुणापर्यंत आला म्हणून निभावलं. आता मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, वेगळा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि औद्योगिक सॉकेट आहे. मंजूर भार दोन किलोवॅटचा पाच करून घेतला. या सगळ्याला गाडीच्या किमतीच्या दोन टक्केही लागले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक ई-रिक्षावाला दारात आला. स्टेशन ते आश्रम, आश्रम ते दवाखाना अशा त्याच्या फेऱ्या. भाड्याच्या एका खोलीत कुटुंब राहतं. घरमालक रात्री बॅटरी चार्ज करू देत नाही, आग लागायची भीती वाटते म्हणतो. ती भीती खोटीही नाही, त्या खोलीची वायरिंग मी पाहिली आहे. म्हणून तो वर्ध्याला एका दुकानात रोज ठरावीक पैसे देऊन रिक्षा लावतो आणि तिथंच झोपतो. "तुमच्या अंगणात लावू का जी? जे बिल येईन ते देतो. रातच्याले घरी तं जाईन."

घरगुती मीटरवरून पैसे घेऊन त्याला वीज देणं नियमात बसत नाही. पण वाहन चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. त्यासाठी परवाना लागत नाही, वेगळं चार्जिंगचं मीटर लागतं. तेवढा अर्ज आम्ही भरला. सातबारा नाही चालत, घरटॅक्सची पावती लागते म्हणून एकदा परत आलो. दुसऱ्या खेपेला कागद घेतले गेले.

कडुनिंबाच्या पलीकडे त्याच्या रिक्षापुरती जागा आखून ठेवली आहे. वायरमन येऊन दुसरा खड्डा पाहून गेला; मीठ आणि कोळसा पडवीत पोत्यात आहे. रोज संध्याकाळी शेवटची सवारी सोडून वर्ध्याला जाताना तो फाटकापाशी रिक्षा हळू करतो आणि आतूनच विचारतो, "आलं का जी मीटर?"